वाचकांचे प्रश्न : काउंटर चालतो, पण आकडे चुकतात

संगणकावर सिम्युलेशनमध्ये जोडलेल्या काउंटर (पल्स मोजून आकडा दाखवणाऱ्या) सर्किटांविषयी बरीच पत्रे साचली होती. ती या अंकात एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रांत तक्रार डिस्प्लेची आहे आणि बहुतेक ठिकाणी डिस्प्ले निर्दोष आहे. म्हणून पत्र लिहिणाऱ्यांना एक विनंती. आकडा चुकला की लगेच वायरी उपटू नयेत. क्लॉकच्या (ठरावीक गतीने पल्स देणाऱ्या भागाच्या) जागी हाताने दाबायचे बटण लावून वीस-पंचवीस पल्स एकेक करून द्याव्यात आणि दिसलेला प्रत्येक आकडा कागदावर क्रमाने उतरवून घ्यावा. एकटा चुकीचा आकडा काहीच सांगत नाही. चुकीच्या आकड्यांची रांग मात्र दोषाची जागा बहुधा नेमकी दाखवते.

प्रश्न : मी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सीडी ४५१८ या आयसीतील दोन्ही काउंटर आणि दोन सीडी ४५११ डीकोडर (चार बिटांवरून डिस्प्लेचे सेगमेंट पेटवणाऱ्या आयसी) वापरून सिम्युलेटरमध्ये ०० ते ९९ मोजणारे सर्किट काढले आहे. ०० ते ०७ बरोबर येतात. त्यानंतर मात्र १८, १९ आणि मग १०, ११ असे आकडे दिसतात. १७ नंतर २८ येतो. डीकोडर बदलले, डिस्प्ले बदलले, तरी फरक नाही. पहिल्या काउंटरची शेवटची आउटपुट (पिन ६) दुसऱ्याच्या क्लॉकला (पिन ९) जोडली आहे आणि दुसऱ्याची एनेबल पिन (१०) धन पुरवठ्याला जोडली आहे. दोष कुठे असावा? — एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तुम्ही आकडे क्रमाने लिहून पाठवलेत, त्यामुळे निदान सोपे झाले. एकक स्थानचा अंक कुठेही चुकलेला नाही. ०, १, २ असे करत तो ९ पर्यंत जातो आणि पुन्हा ० वर येतो. याचा अर्थ पहिला काउंटर, त्याचा डीकोडर आणि त्याचा डिस्प्ले हे तिन्ही ठीक आहेत. दशकाचा अंकही वेडावाकडा येत नाही. तो फक्त दोन पल्स लवकर वाढतो, म्हणजे एकक ९ वरून ० वर जाताना वाढायच्या ऐवजी ७ वरून ८ वर जाताना वाढतो. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की, एककात ७ चा ८ होताना असे काय घडते, जे दशकाला हातच्यासारखे वाटते.

पहिल्या काउंटरच्या पिन ६ वरील बिटाचे वजन ८ आहे. एकक ० ते ७ असताना ही पिन ० पातळीवर असते, ८ आणि ९ या दोन अंकांना ती १ होते आणि ९ नंतर पुन्हा ० होते. म्हणजे दर दहा पल्समध्ये या पिनेवर एक चढती कडा (० चा १ होण्याचा क्षण) येते, ती ८ वर, आणि एक उतरती कडा (१ चा ० होण्याचा क्षण) येते, ती ९ नंतरच्या ० वर. आपल्याला हातचा हवा आहे तो उतरत्या कडेवर. ४५१८ ची क्लॉक पिन मात्र चढत्या कडेला प्रतिसाद देते, त्यामुळे तुमच्या जोडणीत दशकाचा काउंटर ८ वरच पुढे सरकतो. तुमचा सिम्युलेटर आयसीच्या माहितीपत्रकात लिहिले आहे तेच इमानाने करतो आहे.

या आयसीच्या रचनाकारांनी यावरची सोय आयसीतच करून ठेवली आहे. ४५१८ ला दोन प्रकारे पल्स देता येते : एनेबल १ ठेवून क्लॉकवर चढती कडा द्यावी, किंवा क्लॉक ० ठेवून एनेबलवर उतरती कडा द्यावी. तेव्हा पिन ९ जमिनीला म्हणजे शून्य व्होल्टला जोडा आणि पिन ६ वरून निघालेली वायर पिन १० वर आणा. पहिल्या काउंटरची जोडणी (पिन १ वर क्लॉक, पिन २ धन पुरवठ्याला) आहे तशीच राहू द्या. दोन्ही काउंटरांच्या रीसेट पिना, म्हणजे ७ आणि १५, मोजणी चालू असताना ० वर असल्या पाहिजेत, हेही पाहून घ्या. अनेक जण पिन ६ आणि पिन ९ यांच्यामध्ये एक इन्व्हर्टर (० चा १ आणि १ चा ० करणारे गेट) टाकून हीच अडचण सोडवतात. तेही चालते, पण त्यासाठी एक आयसी वाढते.

या दोषाची एक गंमत ध्यानात घ्या. शंभर पल्सनंतर तुमचे सर्किट बरोबर ०० वर येते, आणि शंभरपैकी ऐंशी आकडे अचूक दिसतात. चुकतात ते फक्त ८ आणि ९ ने संपणारे. क्लॉक वेगाने चालू ठेवून, शेवटी ०० आले एवढेच पाहून सर्किट पसंत करणाऱ्याला हा दोष कधीच दिसणार नाही. प्रयोगवहीत एका स्क्रीनशॉटवर गुण देण्याची पद्धत आहे, तिथे तर तो सहज खपून जातो.

प्रश्न : ७४९० काउंटर, ४५११ डीकोडर आणि कॉमन कॅथोड (सर्व सेगमेंटचे ऋण टोक एकत्र असलेला) डिस्प्ले अशी साधी एकअंकी जोडणी आहे. आकडे या क्रमाने दिसतात : ०, ८, ४, कोरा, २, कोरा, ६, कोरा, १, ९. डिस्प्ले मध्येच विझत असल्याने सिम्युलेटरमधील मॉडेल सदोष आहे, असे माझे मत झाले आहे. — एक शिक्षक, अकोला

उत्तर : मॉडेल निर्दोष आहे, सर. काउंटर आणि डीकोडर यांच्यामधल्या चार वायरी पूर्ण उलट्या क्रमाने जोडल्या गेल्या आहेत. ए या बिटाचे वजन १, बीचे २, सीचे ४ आणि डीचे ८. ए-डी आणि बी-सी यांची अदलाबदल झाली की काउंटरमधला १ डीकोडरला ८ वाटतो, २ चा ४ होतो आणि ३ चा १२ होतो. १२ हा दशमान अंकच नसल्यामुळे ४५११ डिस्प्ले कोरा ठेवतो. ९ पेक्षा मोठ्या कोणत्याही संकेताला तो असेच करतो. ५ चा १० आणि ७ चा १४ होतो, म्हणून तिथेही डिस्प्ले विझतो. ०, ६ आणि ९ हे मात्र उलट वाचले तरी तेच राहतात. आपली रांग या हिशेबाशी तंतोतंत जुळते.

ही चूक होण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. कागदावर द्विमान संख्या लिहिताना आपण मोठ्या वजनाचा बिट डावीकडे लिहितो, तर आयसीच्या चिन्हात बहुधा ए सर्वांत वर असतो. ब्रेडबोर्डसारखे चित्र दाखवणाऱ्या सिम्युलेटरमध्ये आणखी एक सापळा आहे : ७४९० च्या आउटपुट पिना १२, ११, ९ आणि ८ या क्रमाने ए, डी, बी आणि सी अशा आहेत, आणि ४५११ चे ए, बी, सी, डी हे इनपुट ७, १, २ आणि ६ या पिनांवर आहेत. पिना दिसतील तशा ओळीने जोडत गेल्यास गोंधळ ठरलेलाच.

इतर वाचकांसाठी याच जातीच्या काही रांगा नोंदवतो. बी आणि सी या दोनच वायरींची अदलाबदल झाली, तर ०, १, ४, ५, २, ३, ६, ७, ८, ९ असे दिसते. फक्त ए आणि बी बदलले, तर ०, २, १, ३, ४, ६, ५, ७, ८ आणि शेवटी कोरा डिस्प्ले. सीची वायर तुटून तिथे कायम ० वाचला जात असेल, तर ० ते ३ दोनदा येतात आणि मग थेट ८, ९. ए तुटली असेल, तर प्रत्येक सम अंक दोनदा दिसतो. ७४९० च्या पिन १२ वरून पिन १ कडे जाणारी वायर विसरली, तर ०, १, ०, १ एवढेच चालू राहते, कारण त्या आयसीत दोनने भागणारा आणि पाचने भागणारा असे दोन स्वतंत्र विभाग आहेत आणि ही वायर त्यांना जोडते. ती वायर नसताना क्लॉकही चुकून पिन १४ ऐवजी पिन १ वर दिला, तर ०, २, ४, ६, ८ अशी नीटनेटकी, आणि म्हणूनच फसवी, मोजणी दिसते.

४५११ च्या ऐवजी ७४४७ वापरला असता, तर कोऱ्या जागी विचित्र अर्धवट आकृत्या दिसल्या असत्या, कारण तो १० ते १४ या संकेतांना स्वतःची वेगळी चिन्हे दाखवतो आणि १५ लाच पूर्ण विझतो. चार पिनांचा तयार षोडशमान डिस्प्ले वापरला असता, तर त्याच जागी इंग्रजी अक्षरे आली असती. दोष एकच, पण समोरचा डीकोडर बदलला की त्याचे रूप बदलते. शंका राहिलीच, तर काउंटर बाजूला काढा आणि डीकोडरच्या चार इनपुटांना चार लॉजिक स्विच लावून एका वेळी एकच स्विच १ करा. डिस्प्लेवर १, २, ४ आणि ८ हे चार आकडे आले, तर डीकोडरपासून पुढचे सर्व ठीक आहे आणि शोध मागच्या बाजूला घ्यायचा आहे.

जाता जाता : ६ वरची आणि ९ खालची आडवी रेघ दिसत नाही, अशीही तक्रार दोघांनी केली आहे. ७४४७ आणि ४५११ हे दोन्ही ६ आणि ९ असेच, शेपटीविना काढतात. तो दोष नाही.

प्रश्न : लॉजिसिम या सिम्युलेटरमध्ये चार जेके फ्लिप-फ्लॉप (एकेक बिट धरून ठेवणारे घटक) घेऊन ० ते ९ मोजणारा रिपल काउंटर (एका फ्लिप-फ्लॉपच्या आउटपुटवर पुढचा चालणारा) बनवतो आहे. पुस्तकातल्या आकृतीप्रमाणे बी आणि डी या आउटपुट नॅंड गेटला दिल्या आणि त्या गेटची आउटपुट चारही फ्लिप-फ्लॉपच्या क्लिअरला (शून्यावर आणणाऱ्या पिनेला) जोडली. काउंटर ० वरून हलतच नाही. कोणी तरी सांगितले म्हणून नॅंड काढून ॲंड गेट लावले, तरीही ० च. मग पुन्हा नॅंड लावले. आता नेमके काय करावे? — एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : ॲंड गेट लावण्याचा सल्ला बरोबर होता, तो सोडायला नको होता. तुमच्या सर्किटमध्ये दोन वेगवेगळे दोष आहेत आणि दोन्हींचे बाह्य लक्षण एकच आहे, ते म्हणजे न हलणारा शून्य. पहिला दोष काढला तरी दुसरा तेच लक्षण दाखवत राहतो. त्यामुळे आपण केलेली योग्य दुरुस्तीही निरुपयोगी वाटते.

पहिला दोष क्लिअरच्या पातळीचा. पुस्तकातली आकृती ७४७६ यांसारख्या आयसीसाठी आहे आणि त्या आयसीचा क्लिअर ० पातळीला काम करतो. एरवी १ देणारे आणि दहाव्या पल्सला ० देणारे नॅंड गेट तिथे योग्य ठरते. लॉजिसिमच्या फ्लिप-फ्लॉपचा क्लिअर मात्र १ पातळीला काम करतो. तो १ असेपर्यंत फ्लिप-फ्लॉप ० वर जखडून राहतो. सुरुवातीला बी आणि डी दोन्ही ० असतात, त्यामुळे नॅंडची आउटपुट १ असते, म्हणजेच क्लिअर कायम दाबून धरलेला असतो. ॲंड लावल्यावर हा दोष गेला.

दुसरा दोष कडेचा. लॉजिसिमचे फ्लिप-फ्लॉप, गुणधर्मांत काही बदल केला नाही तर, चढत्या कडेवर चालतात. चढत्या कडेवर चालणाऱ्या फ्लिप-फ्लॉपची क्यू आउटपुट पुढच्याच्या क्लॉकला दिली की रिपल काउंटर उलटा मोजतो. तुमच्या सर्किटमध्ये पहिल्या पल्सला ए १ होतो. त्या चढत्या कडेने बी १ होतो, त्याने सी आणि त्याने डी. काउंटर ० वरून थेट १५ वर पोहोचतो. १५ मध्ये बी आणि डी दोन्ही १ असल्यामुळे ॲंड गेट ताबडतोब सर्वांना ० करते. दर पल्सला हेच घडते. काउंटर हलत नाही असे दिसते, पण प्रत्येक पल्सला तो १५ पर्यंत जाऊन परत येत असतो. फक्त ते डोळ्याला दिसण्याआधी संपते.

हे स्वतः पाहायचे असेल, तर रीसेटची वायर तात्पुरती तोडा आणि लॉजिसिममधला षोडशमान अंकदर्शक लावून हाताने पल्स द्या. ०, मग एफ, ई, डी असा उतरता क्रम दिसेल. रीसेट तोडून काउंटर मोकळा चालवून पाहणे ही या प्रकारच्या सर्किटांत माझ्या मते पहिली चाचणी असायला हवी. शून्यावर अडकलेला काउंटर आणि सतत शून्यावर ढकलला जाणारा काउंटर यांतला फरक दुसऱ्या कोणत्याही मार्गाने इतक्या लवकर कळत नाही.

उपाय दोन आहेत. चारही फ्लिप-फ्लॉपच्या गुणधर्मांत ट्रिगर उतरत्या कडेवर ठेवा, किंवा ट्रिगर आहे तसाच ठेवून क्यूच्या ऐवजी तिची विरुद्ध आउटपुट पुढच्या क्लॉकला द्या; गेटला जाणाऱ्या बी आणि डी मात्र क्यूवरूनच घ्यायच्या. जे आणि के या इनपुटांना स्थिर १ जोडलेला आहे ना, तेही पाहा. वायरींच्या रंगांकडे लक्ष दिल्यास बरेच काम वाचते : उजळ हिरवी वायर म्हणजे १, गडद हिरवी म्हणजे ०, निळी म्हणजे जिला कोणतीच आउटपुट मूल्य देत नाही ती, आणि लाल म्हणजे दोन आउटपुट एकमेकांच्या विरुद्ध ओढत आहेत किंवा मूल्य ठरवता येत नाही. मोजणी सुरू झाल्यावर वेग निम्मा वाटला तर घाबरू नका. लॉजिसिममध्ये घड्याळाचा एक ठोका म्हणजे क्लॉकचे अर्धेच चक्र, त्यामुळे सेकंदाला एक ठोका ठेवला की आकडा दोन सेकंदांनी बदलतो.

सर्व काही जुळल्यावर, प्रत्येक पायरी संथपणे चालवून पाहिल्यास ७ आणि ८ यांच्यामध्ये ६, ४ आणि ० क्षणभर येऊन गेलेले दिसतील. रिपल काउंटरमध्ये एक फ्लिप-फ्लॉप बदलल्यावर मगच पुढचा बदलतो, त्यामुळे हे मधले आकडे अटळ आहेत. डोळ्याने पाहायच्या डिस्प्लेला त्यांचा काही उपद्रव नाही. काउंटरच्या आउटपुटवरून एखादे गेट चालवून त्यातून दुसरे काही सुरू करायचे असेल, तर मात्र सिंक्रोनस (सर्व फ्लिप-फ्लॉप एकाच क्लॉकवर बदलणारा) काउंटर घेणे बरे.

प्रश्न : ७४९० आयसी वापरून डिजिटल घड्याळ केले आहे. सेकंद ०० ते ५९ अगदी बरोबर चालतात आणि पुन्हा ०० होतात. मिनिटे मात्र ०० वरच राहतात. सेकंदांच्या एककाकडून दशकाकडे हातचा नेण्यासाठी जशी जोडणी केली, तशीच पुढे मिनिटांसाठी केली आहे. — एक वाचक, म्हापसा, गोवा

उत्तर : ‘तशीच’ या शब्दातच उत्तर आहे. एककाकडून दशकाकडे जाताना आपण डी आउटपुट (पिन ११) पुढच्या क्लॉकला दिलीत, ते योग्य होते. ७४९० उतरत्या कडेवर चालतो आणि ९ नंतर डी १ वरून ० वर येते. सेकंदांच्या दशकात मात्र अंक ० ते ५ एवढेच असतात. ८ चे वजन असलेली डी तिथे कधी १ होतच नाही, मग ती उतरणार कुठून? तिथून घ्यायची आउटपुट सी (पिन ८). ती ४ ला १ होते, ५ लाही १ राहते आणि ६ येताच होणाऱ्या रीसेटबरोबर ० होते. तीच उतरती कडा मिनिटांच्या एककाच्या पिन १४ ला द्या. मिनिटांच्या दशकाकडून तासांकडे जातानाही हेच करायचे आहे. पिन ११ च्या जागी पिन ८, एवढ्या एका वायरीचा हा फरक आहे. चढत्या कडेवर चालणारी आयसी वापरणाऱ्यांनी हीच जोडणी केली, तर त्यांची मिनिटे चाळिसाव्या सेकंदालाच वाढतील, हेही सांगून ठेवतो.

तासांसाठी २४ वर रीसेट लागेल. त्यासाठी दशकाची बी (वजन २) आणि एककाची सी (वजन ४) या दोन आउटपुट घ्याव्यात आणि तासांच्या दोन्ही आयसींच्या पिन २ ला एक व पिन ३ ला दुसरी जोडावी. दोन्ही १ झाल्या की दोन्ही आयसी एकदम ० होतात. फक्त एककाला रीसेट दिल्यास घड्याळ २३ नंतर २० वर जाईल.

आलेखात ५ नंतर ६ ची अत्यंत बारीक रेघ दिसते, असे आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे. ७४९० चा रीसेट क्लॉकची वाट पाहत नाही. ६ खरोखर यावा लागतो, तेव्हाच तो ओळखला जाऊन पुसला जातो. हा काळ काही दशांश मायक्रोसेकंदांच्याही आत असतो. सिम्युलेटरमध्ये सर्व फ्लिप-फ्लॉप समान वेगाचे असल्याने रीसेट दर वेळी पुरा होतो. प्रत्यक्ष आयसीत एखादा फ्लिप-फ्लॉप आधी शून्य झाला, तर रीसेटची अटच नाहीशी होते आणि दुसरा तसाच राहण्याची शक्यता असते. एरवी ही जोडणी चालून जाते; घड्याळ वर्षानुवर्षे चालवायचे असेल, तर रीसेटच्या मार्गात एक लॅच (आदेश काही काळ धरून ठेवणारे सर्किट) घालावा.

प्रश्न : ० च्या जागी फक्त मधली आडवी रेघ दिसते, १ च्या जागी इंग्रजी ई अक्षर दिसते आणि ८ ला डिस्प्ले पूर्ण विझतो. — एक वाचक, चिंचवड

उत्तर : जे सेगमेंट विझायला हवेत ते पेटत आहेत आणि पेटायला हवेत ते विझले आहेत. सेगमेंट पेटवण्यासाठी १ देणारा ४५११ किंवा ७४४८ आपण कॉमन ॲनोड (सर्व सेगमेंटचे धन टोक एकत्र असलेल्या) डिस्प्लेला जोडला आहे. डिस्प्ले कॉमन कॅथोड घ्या किंवा डीकोडर ७४४७ घ्या. ७४४७ ची आउटपुट ० झाली की सेगमेंट पेटतो, म्हणून तो कॉमन ॲनोडसाठी आहे.

प्रश्न : एलटीस्पाइसमध्ये फ्लिप-फ्लॉप जोडून काउंटर केला. आलेखात मोजणी बरोबर दिसते, पण सेगमेंटच्या जागी लावलेल्या एलईडींतून विद्युतप्रवाह जवळजवळ वाहतच नाही. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आलेखाच्या उभ्या अक्षावरचे आकडे वाचा. त्या सॉफ्टवेअरमधील तयार डिजिटल घटकांची १ ही पातळी, वेगळे काही सांगितले नाही तर, फक्त १ व्होल्ट असते. लाल एलईडीलाही साधारण १.८ ते २ व्होल्ट लागतात. प्रत्येक घटकाच्या गुणधर्मांत ‘व्हीहाय’ हे मूल्य ५ करा आणि एलईडीच्या मालिकेत ३३० ओमचा रोधक ठेवा. सर्व घटकांत हा बदल एकसारखा करा, कारण १ आणि ० यांच्यामधला उंबरठाही त्या मूल्यांवरून ठरतो. माझे वैयक्तिक मत विचाराल, तर ॲनालॉग तरंगांसाठी उत्तम असलेल्या या साधनात डिस्प्ले पेटवण्याचा आग्रह धरू नये. चार बिटांचे आलेख एकाखाली एक लावून वाचावेत.

प्रश्न : सिम्युलेशनमध्ये ७४एलएस९० आणि ७४एलएस४७ यांचा काउंटर निर्दोष चालला. तीच आकृती ब्रेडबोर्डवर जशीच्या तशी उतरवली, तर डिस्प्लेवर कायम ९ दिसतो. आयसी दोनदा बदलली. आकृतीत पिन २, ३, ६ आणि ७ मोकळ्या आहेत. — एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : आयसी बदलण्याची गरज नव्हती, त्या मोकळ्या पिनाच याचे कारण आहेत. टीटीएल कुळातल्या (७४एलएस ही त्यातलीच एक मालिका) आयसीची मोकळी इनपुट १ सारखी वागते. पिन २ आणि ३ दोन्ही १ असल्या की ७४९० शून्यावर जातो, पिन ६ आणि ७ दोन्ही १ असल्या की नऊवर जातो, आणि चारही १ असल्या तर नऊचा आदेश वरचढ ठरतो. म्हणून तुम्हाला ९ दिसतो. तुमच्या सिम्युलेटरने मोकळ्या पिना ० धरल्या आणि म्हणून तिथे मोजणी चालली. काही सिम्युलेटर मोकळी पिन अनिश्चित मानतात, काही ० मानतात. म्हणून सिम्युलेशनमध्येही एकही इनपुट मोकळी न सोडण्याची सवय लावून घ्यावी. सीमॉस आयसीत तर मोकळी पिन जवळ हात नेला तरी मत बदलते.

९ दिसतो आहे, त्या अर्थी पुरवठा तुम्ही योग्य पिनांना दिला आहे. चौदा पिनांच्या बहुतेक आयसींना पुरवठा पिन १४ आणि ७ वर असतो, पण ७४९० ला तो पिन ५ (धन) आणि १० (शून्य) वर द्यावा लागतो. अनेक सिम्युलेटर पुरवठ्याच्या पिना आकृतीत दाखवतच नाहीत, त्यामुळे ब्रेडबोर्डवर येईपर्यंत ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता पिन ६ आणि ७ सरळ जमिनीला जोडा. रीसेटचे बटण नको असेल, तर पिन २ आणि ३ देखील तशाच जोडा. बटण हवे असेल, तर एक काळजी घ्या. सिम्युलेशनच्या सवयीने बहुतेक जण या पिना १० किलोओमच्या रोधकातून जमिनीला जोडतात, आणि मग ९ जाऊन कायमचा ० दिसू लागतो. एलएस कुळातली प्रत्येक इनपुट ० वर ठेवताना तिच्यातून ०.४ मिलीॲम्पिअरपर्यंत प्रवाह बाहेर येऊ शकतो आणि तो रोधकातून जमिनीकडे जातो. दोन पिना एकत्र असतील तर ०.८ मिलीॲम्पिअर. ही आयसी ०.८ व्होल्टपर्यंतच ० मानते, आणि १० किलोओममधून एवढा प्रवाह जाऊ लागला की पिनेवरचे व्होल्टेज ती मर्यादा सहज ओलांडते, म्हणजे पिन १ च राहते. ४७० ओमचा रोधक घेतल्यास हेच व्होल्टेज ०.४ च्या आत राहते. निव्वळ लॉजिक पाहणारी मॉडेले हा इनपुट प्रवाह धरत नाहीत, त्यामुळे तिथे १० किलोओमही चालतो. बटणाचे दुसरे टोक ५ व्होल्टला जोडा आणि पिन ५ व १० यांच्यामध्ये, आयसीच्या अगदी जवळ, ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लावा.

क्लॉकसाठीही तुम्ही साधेच बटण वापरत असाल, तर एका दाबात आकडा दोन-तीनने पुढे जाईल. सिम्युलेटरमधल्या बटणाचे पाते सहसा थरथरत नाही, खऱ्या बटणाचे थरथरते, आणि काउंटर प्रत्येक थरथर मोजतो. त्यासाठी दोन नॅंड गेटांचा लॅच आणि दोन बाजूंना जोडणारा स्विच वापरावा, किंवा ५५५ या टायमर आयसीची क्लॉक करावी. १० किलोओम, ६८ किलोओम आणि १० मायक्रोफॅरड या मूल्यांनी ५५५ ची वारंवारता १ हर्ट्झच्या अगदी जवळ येते.